कातड्याला लागलेलं यंत्र

बोर्ली पंचतनला धर्माजी परत आला, तेव्हा त्याच्या उजव्या हाताला अंगठा नव्हता.

त्याआधी नऊ वर्षं तो मुंबईत होता. गोदीच्या मागे एका कारखान्यात गिरण्यांना लागणारे कातडी पट्टे शिवले जात. सुरुवातीला तो दोऱ्याला मेण लावायचा. मग यंत्रं पुसू लागला, आणि पुढे गुणाजी फिटरच्या हाताखाली ती उघडून दुरुस्त करू लागला. गुणाजी श्रीवर्धनकडचा, कमी बोलणारा माणूस. पण एका बाबतीत तो स्वतः गप्प बसायचा नाही आणि दुसऱ्यालाही बसू द्यायचा नाही. यंत्रात दोष दिसला की त्याच क्षणी, मोठ्यांदा सांगायचा. पलीकडे कुणाचा हात आहे ते आपल्याला दिसत नसतं, म्हणायचा; आधी तोंड चालवा, मग पाना. सत्तावीस सालच्या पावसाळ्यात एका दुपारी कुणीतरी बोललं नाही, आणि धावत्या पट्ट्याने धर्माजीचा अंगठा नेला.

गावी बाजाराच्या टोकाला, भेंडाच्या झाडाखाली त्याच्या बापाची झोपडी होती. बापाची हत्यारंही होती: कातडं कापायची रापी, भोक पाडायची आरी, कुटायचा दगड. अडचण एवढीच, की वहाणेचा टाका दोन हातांचा असतो. आरीने भोक पाडायचं, दोन्ही बाजूंनी सुया घालायच्या आणि दोरा दोन्ही हातांनी एकदम ताणायचा. अंगठा नसला की दोरा ताणला जात नाही, बोटांतून नुसता सरकत राहतो.

पहिले काही जोड त्याने तसेच शिवून दिले. आठ दिवसांनी बाबाजी शेतकरी वहाण हातात घेऊन आला. तळ पुढून उघडला होता.

"धर्माजी, तुझी वहाण बग, कशी दात काढून हसते माज्याकडं."

"द्या इकडं, बाबाजी. गप करतो तिला."

"कर बाबा. चिखलात ती हसते नि मी रडतो."

मग त्याची बायको बायजा समोर बसू लागली. दोऱ्याचं एक टोक तो ओढायचा, एक ती. एक टाका दोघांनी. दिवसभर बसून अर्धा जोड होत असे, आणि तिकडे चूल तशीच राही. लोक वाट बघून कंटाळले आणि श्रीवर्धनच्या वहाणा पायात घालू लागले. शिवता आलं नाही तर बापाचं काम आपल्यापाशी संपणार, आणि आपण दुसऱ्याच्या सुपारीच्या वाडीत पाणी शिंपायला जाणार, हे धर्माजीला रोज संध्याकाळी हत्यारं पोत्यात गुंडाळताना दिसत असे. त्याला एक यंत्र हवं होतं. यंत्राचं चाक फिरवायला अंगठा लागत नाही, तळहात पुरतो.

यंत्राची बातमी आली ती सुक्या मासळीच्या टोपलीबरोबर.

नीराबाई कोळीण आगरदांड्याची. खाडी ओलांडून दिघीला उतरायची आणि बोंबील-जवळा घेऊन बोर्लीच्या बाजाराला चालत यायची. बसायची भेंडाच्या सावलीत, बायजाच्या दारासमोर. नवराबायको मिळून एक टाका ओढताहेत हे बघून ती एकदा म्हणाली, "आमच्याकडं शिवायचं यंत्र पडलंय की गं. शिडं शिवायला आणलेलं. नाखव्यानं मुंबईच्या लिलावातनं उचललंन, सगळी खाडी बगायला आली. एक हंगाम चाललं नि बसलं. आता त्याच्यावर आमची कोंबडी बसते."

धर्माजीच्या हातातला दोरा थांबला.

"बसलं म्हंजे? मोडलं?"

"मला काय ठावं? हलत न्हाय. नाखवा म्हनतो, भंगार हाय, कोन नेनार आसंल तर नेऊ दे."

पौषातल्या एका सकाळी धर्माजी दिघीहून तरीच्या होडीने आगरदांड्याला उतरला. तरीतून उतरताना त्याने मनात हिशेब केला होता की हे यंत्र कापडाचं असणार, कातड्याला लावायला निम्मं बदलावं लागणार. पण मिळालं, तर.

नीराबाईचा नवरा काळूराम नाखवा अंगणात जाळं विणत बसला होता. नीराबाईने धर्माजीला कुंपणापाशीच थांबवलं.

"वहाणा नि पिशवी तितंच ठेव हो. आमच्यात यंत्राजवळ कातडं न्हाय चालत. होडीवर वहान चढत न्हाय ना, तसंच. दसऱ्याला आमी त्याला होडीबरोबर हळद लावतो."

त्याने वहाणा काढल्या. पिशवी कुंपणाच्या खुंटाला अडकवली आणि आत गेला.

पडवीत, जाळ्याच्या ढिगाखाली यंत्र होतं. लांब हाताचं, जड, विलायती. धर्माजीने कोंबडीला उठवलं. चाकाला हात लावला, चाक दगडासारखं. मग त्याने सुईच्या दांडीजवळ नाक नेलं आणि नखाने जरासं खरवडलं. नखाखाली पांढरट, मेणासारखं काही आलं.

"तेल कुटलं घातलंत, नाखवा?"

"घरचं!" काळूराम तिथूनच म्हणाला. "आमच्या माडांचं, घान्यावरचं. बाजारचं घालीन काय?"

"मी सोता घालायची," नीराबाई म्हणाली. "रोज सकाळी. डोक्याला घालतो त्यातलंच. हात आखडता न्हाय घेतला."

काळूराम जाळं बाजूला ठेवून उठून आला. "मेलं ना? ने मग. उचलून ने. जागा तरी मोकळी हुईल."

त्या क्षणी धर्माजीला फक्त मान हलवायची होती. दोन माणसं बोलावून, बांबूला बांधून यंत्र तरीवर चढवायचं होतं. पण दोष सापडला होता, आणि नऊ वर्षांची जीभ त्याच्या आधी हलली.

"मेलं न्हाय, नाखवा. गोठलंय. खोबरेल थंडीत थिजतं, नि जुनं झालं की चिकटतं. यंत्राला केस न्हाईत. घासलेटनं धुतलं की चालंल."

बोलून झाल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते.

काळूरामचा धाकटा भाऊ भिकू दारात उभा होता. तो हसून म्हणाला, "वैनी, तू त्याला न्हाऊ घातलंस म्हन की!"

काळूराम हसला नाही. तो यंत्राकडे बघत होता, एखादं गेलेलं माणूस दारात उभं दिसावं तसा. "चालू करशील?" त्याने विचारलं.

"करीन," धर्माजी म्हणाला.

तीन दिवस तो तिथे राहिला. झोपायला पडवीचं टोक, जेवायला नीराबाई वरून वाढायची. त्याने यंत्राचा एकेक भाग सुटा केला आणि घासलेटात भिजवला. जुनं तेल पिवळ्या राळेसारखं चिकटलं होतं, ते तो बांबूच्या कामटीने काढायचा. खाऱ्या हवेने जिथे गंज धरला होता तिथे राख आणि ओल्या फडक्याने घासायचा. अंगठा नसल्यामुळे बारीक स्क्रू तो तर्जनी आणि मधल्या बोटात धरायचा. कधी निसटून रेतीत पडला की भिकू आणि तो दोघेही गुडघ्यावर बसून शोधायचे. काळूराम येता-जाता थांबायचा. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "तुला कशाला पायजे होतं रं यंत्र?" धर्माजीने उजवा हात वर करून दाखवला. काळूरामने तो पाहिला आणि खाडीकडे गेला. हात त्याने आधी पाहिला नव्हता असं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी यंत्र पुन्हा उभं राहिलं. त्याने चाकाला तळहात लावला आणि चाक फिरलं, आतून दुधाच्या धारेसारखा आवाज येत. नीराबाईने तोंडावर पदर घेतला. भिकूने शेजाऱ्यांना हाक मारली. धर्माजीने सुई लावली, दोरा ओवला, आणि टाका बघायला कनवटीतून एक पट्टी काढून सुईखाली सरकवली. चाक फिरवलं. चार बोटं शिवण पडली, सरळ, घट्ट.

मग त्याला जाणवलं की अंगणात कुणी बोलत नाहीये.

पट्टी कातड्याची होती. कारखान्यात दुरुस्त झालेलं प्रत्येक यंत्र पट्ट्याच्या तुकड्यावर चालवून बघत, आणि तो तुकडा फिटरच्या कनवटीलाच असे. कित्येक वर्षं असा तुकडा त्याच्या कमरेला होता. गावी आल्यावरही होता. वहाणा कुंपणाशी होत्या, पिशवी खुंटाला होती. कनवट त्याला आठवली नव्हती.

"नाखवा," तो उठून उभा राहिला, "चुकलो."

"चुकलास?" भिकू पुढे आला. "मुद्दाम केलंन ह्यानं! आता आपल्याला चालनार न्हाय हे ठावं व्हतं त्याला. आरं, तीन दिवस आमचं जेवलास!"

"भिकू, गप," नीराबाई म्हणाली. पण तीही दोन पावलं मागे सरकली. "आता दसऱ्याला हळद कशी लावायची ह्याला?"

धर्माजीने भिकूला उत्तर दिलं नाही. देता आलं असतं. पण ज्या शब्दांत द्यायचं ते शब्द त्याला स्वतःलाच खरे वाटेनात.

काळूराम यंत्रासमोर येऊन उभा राहिला. सुईखालची पट्टी त्याने काढली नाही, तिला हातही लावला नाही. शेवटी म्हणाला, "घेऊन जा. आजच. नि पुन्हा या अंगणात येऊ नको."

असं ते यंत्र बोर्लीला आलं.

ते कातड्याला लावायला धर्माजीला दीड वर्ष लागलं. कापड शिवणाऱ्या यंत्रात खाली लोखंडी दात असतात, ते कापड पुढे ओढतात. कातड्यावर त्याच दातांनी चावल्यासारखे व्रण उमटत. त्याने दात कानशीने घासून बोथट केले आणि वरच्या दाबपट्टीच्या जागी तांबटाकडून करून घेतलेलं पितळेचं चाक बसवलं, म्हणजे कातडं घासत न जाता चाकाखालून सरकेल. कापडाची सुई टोकाला गोल असते. ती धागे बाजूला सारून आत शिरते. कातड्यात बाजूला सारायला धागे नसतात, ते कापावंच लागतं. सुया होत्या मोजून अकरा. एकेका सुईचं टोक त्याने दगडावर घासून रापीसारखं चपटं केलं. तीन सुया मोडल्या तेव्हा कुठे कोन सापडला.

पहिली वहाण शिवून झाली. बायजाने दोन्ही हातांनी ओढून बघितली, आणि ती टाक्यांच्या रेघेवर सरळ फाटली. पोस्टमास्तर तिकिटं फाडतो तशी.

"लावा आता पाकिटाला," बायजा म्हणाली, "नि द्या धाडून तुमच्या मुंबईला."

टाके फार जवळ पडत होते. भोकाला लागून भोक. कापडाला जे बळ, ते कातड्याला मरण. टाका लांबवायचा तर आतली एक दांडी बदलावी लागणार होती. लोहाराने ती चार वेळा घडवली. चौथ्या वेळी टाका भाताच्या दाण्याएवढा पडला. पायाने चालवायची फळी धर्माजीने काढून टाकली, कारण तिचा वेग कातड्याला सोसत नव्हता. उजव्या तळहाताने चाक फिरवायचं आणि डाव्या हाताने कातडं वळवायचं, अशी त्याची बैठक ठरली. नवा माणूस बघायला आला तर त्याला हा हात अधू आहे हे लगेच ध्यानातही येत नसे.

बाबाजीने पहिला जोड नेला. चिखलात दोन महिने चालून परत आला आणि म्हणाला, "हिचं थोबाड काय उघडत न्हाय बाबा. आता मी कुनावर चिडू?"

काम वाढलं. वहाणांबरोबर टांग्याचे लगाम, लोहाराचा भाता, शाळेच्या मास्तरांची पिशवी अशी कामं येऊ लागली. म्हसळ्याहून, श्रीवर्धनहून माणसं येत. बायजा रापी चालवायची, तो चाक. तिच्या चुलीवर वेळेला भात शिजू लागला.

नीराबाई बाजाराला येत होती, पण भेंडाच्या सावलीत बसत नव्हती. ती पलीकडे, उन्हात टोपली मांडायची. बायजाने एकदा तिला पाणी नेऊन दिलं. नीराबाईने ते घेतलं, प्यायली, आणि म्हणाली, "नाखवा हातानं शिवतो आता शिडं. डोळं गेलं त्याचं."

हे बायजाने घरी येऊन सांगितलं. धर्माजी एक लगाम शिवत होता. त्याने शिवण पुरी केली, दोरा तोडला आणि हात चाकावरच ठेवला.

"चुकून झालं ना ते?" बायजाने विचारलं.

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचं? कनवट तुमची."

त्याच आठवड्यात त्याने मास्तरांकडून गुणाजी फिटरला पत्र लिहवून घेतलं. कुठे ताडपत्र्या शिवायचं जुनं यंत्र भंगारात निघालं, तर कळव. मात्र कातड्याला कधी न लागलेलं. उत्तर आलं ते पावणेतीन वर्षांनी, एका कार्डावर, चार ओळी: ताडपत्रीवाल्याकडे एक यंत्र निघालंय, ये. चौतीस सालचा मार्गशीर्ष होता. धर्माजी मुंबईला गेला. माझगावला गुणाजीच्या चाळीमागे, एका पत्र्याखाली बसून त्या यंत्राला त्याने पंधरा दिवस दिले. रोज सकाळी हात मातीने धुऊन बसायचा. गुणाजी आता थकला होता, खाटेवरून बघायचा.

"घरी नेऊन कर की सावकाश," तो एकदा म्हणाला.

"घरी सगळीकडं कातडं हाय," धर्माजी म्हणाला.

बोटीने तो यंत्रासह थेट आगरदांड्याला आला. बोर्लीला आधी गेलाच नाही. धक्क्यावरून दोन हमालांनी यंत्र बांबूला बांधून आणलं. तो मागून अनवाणी चालत होता.

काळूराम वाळूत बसून शीड शिवत होता. डोळ्यांजवळ कापड धरून, बोटांनी टाका चाचपत. पावलं ऐकून त्याने मान वर केली आणि ओळखायला त्याला थोडा वेळ लागला. धर्माजी कुंपणाबाहेरच थांबला.

"नाखवा, आत येत न्हाय. हे तेवढं उतरवून घ्या. ताडपत्रीवाल्याकडचं हाय. ह्याला कातडं लागलेलं न्हाय." त्याने धोतराची कनवट सोडून झटकून दाखवली. "माज्याकडं बी न्हाय."

भिकू घरातून बाहेर आला आणि बघत राहिला. नीराबाईही आली. मग तीच पुढे झाली, काळूरामच्या हातातला शिडाचा जुना तुकडा तिने काढून घेतला आणि धर्माजीसमोर धरला.

"ह्यावर चालवून दाखव," ती म्हणाली. "आत ये. हितं वाळूत कसं बसवशील ते?"

तो आत आला. पडवीत यंत्र बसवलं. शिडाचा तुकडा सुईखाली सरकवून चाक फिरवलं. नीराबाईने तुकडा उचलून शिवण उन्हाकडे धरून पाहिली, मग काळूरामच्या हातात दिली. त्याने ती डोळ्यांनी पाहिलीच नाही. तर्जनी टाक्यांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली, आणि परत आणली.

"धर्माजी," तो म्हणाला, "येक इचारू? पाच वर्सं मनात हाय."

"इचारा."

"त्या दिशी. चुकून, का मुद्दाम?"

भिकूने मान वळवली. खाडीवर कुणीतरी तरीच्या होडीला हाका मारत होतं.

"मला न्हाय ठावं, नाखवा. लई दिवस शोधलं. तुमचं यंत्र मेलं न्हाय हे सांगायचं मनात नव्हतं, ते तोंडातनं गेलं. कातडं काढायचं मनात नव्हतं, ते हातातनं गेलं. मनात काय व्हतं तेच मला घावत न्हाय. चुकून म्हनालो तर खोटं वाटतं. मुद्दाम म्हनालो तरी बी."

काळूरामने शिवलेला तुकडा मांडीवर ठेवला आणि तळहाताने सारखा केला.

"मुद्दाम म्हनाला आसतास," तो म्हणाला, "तर मी माफ केलं आसतं. चुकून म्हनाला आसतास तर हाकलला आसता." मग नीराबाईकडे वळून म्हणाला, "ह्याचं काय करू आता?"

"जेवायला घाल," नीराबाई म्हणाली. "उन्हाचा आलाय."

"आदी सुई कशी बदलायची ते दाखव," काळूराम धर्माजीला म्हणाला. "तू रोज थोडाच येनार हायस."

धर्माजीने त्याचा हात धरून सुईच्या दांडीवर नेला, बारीक स्क्रू कुठे आहे ते बोटाला दाखवलं. काळूरामने तो सोडवला, सुई काढली, परत बसवली. मग दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि सुईचं भोक शोधू लागला.